आठ महिन्यांना किती पुस्तकं पुरतात?

माझा आतेभाऊ गुहागरकडचा. हॉटेल मॅनेजमेंट करून एका मोठ्या क्रूझच्या किचनमध्ये लागलाय. मागच्या कॉन्ट्रॅक्टवर निघायच्या आदल्या रात्री त्याचा मेसेज आला : ‘ताई, आठ महिने चाललोय. बोटीवरचं वायफाय विकत घ्यावं लागतं, ते घरी बोलण्यातच संपतं. फोनमध्ये चाळीस जीबी जागा आहे. पुस्तकं सांग. पुरली पाहिजेत.’

मी लगेच यादी करायला बसले. अर्ध्या तासात तीस नावं झाली, आणि मग त्याचे ते शेवटचे दोन शब्द खुपायला लागले. पुरली पाहिजेत. भात पुरतो, पगार पुरतो, गॅसचा सिलिंडर दीड महिना पुरतो. पुस्तक पुरतं म्हणजे नेमकं काय होतं? चाळीस जीबीत आख्खं वाचनालय मावेल. ते त्याला पुरेल का? माझ्या स्वतःच्या फोनमध्ये दोनशेच्या वर पीडीएफ पडून आहेत आणि रात्री झोपताना मी रील्स बघते. म्हणजे पुस्तकं कमी नाहीत, तरी पुरतही नाहीत.

लांबच्या समुद्रप्रवासात वाचायला काय न्यायचं, हा प्रश्न जुना आहे. विमानं येण्याआधी महिनोन् महिने बोटीवर काढणाऱ्यांनी त्याची उत्तरं दिली आहेत. काहींनी पत्रांत, काहींनी कथा-कादंबऱ्यांत. यादी बाजूला ठेवून मी ती उत्तरं पुन्हा वाचली.

थैलीभर पुस्तकं

सॉमरसेट मॉमची ‘द बुक-बॅग’ ही 1932ची कथा. तिच्या सुरुवातीला निवेदक सांगतो, की काही जण ज्ञानासाठी वाचतात, काही आनंदासाठी, आणि काही निव्वळ सवयीनं. तो स्वतः तिसऱ्या जातीतला. अफूबाजाला जशी चिलीम लागते तसा त्याला छापील कागद लागतो. एकदा तो जावामध्ये आजारी पडून अडकला, जवळची पुस्तकं संपली आणि शाळकरी मुलांची फ्रेंच-जर्मनची पाठ्यपुस्तकं वाचायची वेळ आली. त्या दिवसापासून मळके कपडे भरायची सगळ्यात मोठी थैली घ्यायची आणि ती पुस्तकांनी गच्च भरून फिरायचं, असा त्यानं नेम केला.

‘सवयीनं वाचणारा’ हे वर्णन वाचताना मला माझा अंगठा आठवला. स्क्रीन वर सरकवणारा. मॉमच्या काळी फोन असता तर त्यानं थैली केव्हाच फेकून दिली असती.

पण कथा थैलीवर थांबत नाही. मलायात ज्याच्याकडे निवेदक मुक्कामाला आहे तो यजमान त्या ढिगातून बायरनचं एक चरित्र उचलतो. त्या चरित्रावरून विषय निघतो आणि यजमान इतकी वर्षं पोटात ठेवलेली एक भयंकर हकिगत सांगून टाकतो. मॉमनं हे मुद्दाम सुचवलंय की सहज घडलंय, ठाऊक नाही. पण कथेत त्या थैलीचा खरा उपयोग एकदाच होतो : दुसऱ्या माणसानं तिच्यात हात घातला तेव्हा.

मार्क ट्वेनचं गणित उलटं. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या 1897च्या प्रवासवर्णनात तो बोटीवरच्या वाचनालयाचं कौतुक करतो ते त्यात काय आहे म्हणून नाही, काय नाही म्हणून. तिथं जेन ऑस्टिनची पुस्तकं नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर, त्याच्या मते, एकही पुस्तक नसलेलं वाचनालयसुद्धा बऱ्यापैकी ठरतं. मला ऑस्टिन आवडते, त्यामुळे हे मत मान्य नाही. पण त्याच्या खवचटपणात एक खरी गोष्ट आहे. बोटीवर आपण जे नेतो त्याच्याइतकंच जे मागं ठेवतो तेही महत्त्वाचं.

सत्तर खंड व्हॉल्टेअर

बोटीवर सगळ्यात जास्त वाचलेला माणूस कोण, अशी स्पर्धा लावली तर माझं मत मेकॉलेला. तोच, आपल्या इंग्रजी शिक्षणाच्या वादात ज्याचं नाव येतं तो. फेब्रुवारी 1834मध्ये तो ‘एशिया’ नावाच्या जहाजानं इंग्लंडहून निघाला आणि जूनमध्ये मद्रासला उतरला. जवळजवळ चार महिने. या काळात काय वाचलं ते त्यानं मित्राला पत्रात कळवलं आहे. होमरची दोन्ही महाकाव्यं, व्हर्जिल, होरेस, सीझर, दान्ते, पेट्रार्क, ‘डॉन किहोटे’, गिबनचा रोमचा इतिहास, फ्रान्सचा इतिहास, ब्रिटिश चरित्रकोशाचे सात जाडजूड खंड आणि व्हॉल्टेअरचे सत्तरच्या सत्तर खंड. ग्रीक, लॅटिन, स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, इंग्रजी; ज्या त्या भाषेत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सरळ हात जोडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दोन गोष्टी टोचल्या.

एक. त्याच पत्रात तो सांगतो, की जेवणाची वेळ सोडली तर बोटीवर कुणाशी तो फारसा बोललाच नाही. बरोबर त्याची बहीण हॅना होती. ती सकाळी बायकांबरोबर कादंबऱ्या वाचायची, संध्याकाळी नाचायची, सगळ्या बोटीशी तिची ओळख. मेकॉलेच्या पत्रात हे थट्टेच्या सुरात येतं. पण त्या बोटीवर कोण काय वाचत होतं याचा विचार करताना मला हॅनाबद्दलच कुतूहल वाटतं.

दोन. निघण्याआधी बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यानं न्यायच्या पुस्तकांची यादी केली होती. तीत फार्शी आणि हिंदुस्थानीची ओळख करून देणारी काही पुस्तकं घ्यायला हवीत असं लिहिलं होतं. वाचून झालेल्या पुस्तकांच्या यादीत ती नाहीत. हिंदुस्थानाबद्दलचं एक पुस्तक आहे : जेम्स मिलचा इतिहास. हा मिल हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, आणि प्रस्तावनेत त्यानं या दोन्ही गोष्टींचं समर्थन केलं आहे.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. उतरल्यावर आठ महिन्यांच्या आत, 2 फेब्रुवारी 1835च्या शिक्षणविषयक टिपणात, आपल्याला संस्कृत येत नाही, अरबी येत नाही असं कबूल करून मेकॉलेनं चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याला भारी ठरवली.

बोटीवरच्या वाचनामुळे हे मत झालं असं मी म्हणत नाही. ती मतं त्याच्याबरोबर गलबतावर चढलेली असणार. माझा मुद्दा साधा आहे. चार महिने हातात होते, समोरच्या किनाऱ्याची ओळख करून देणारी पुस्तकं न्यायचं ठरलंही होतं, आणि तरी वाचून झालेल्या यादीत ती कुठं दिसत नाहीत. त्याला पुस्तकं पुरली. इतकी पुरली की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. पोट भरलेल्या माणसाला पंगतीत काय वाढलंय ते दिसत नाही, तसं.

दुसरा खंड बंदरात

मेकॉले निघाला त्याच्या दोन वर्षं आधी, डिसेंबर 1831मध्ये, आणखी एक वाचणारा इंग्लंडहून बोटीत बसला होता. चार्ल्स डार्विन, वय 22. ‘बीगल’वर सुमारे चारशे खंडांचं ग्रंथालय होतं आणि ते होतं डार्विनच्याच केबिनमध्ये. पुस्तकांच्या कपाटांशेजारी झोळी टांगून तो झोपायचा. त्याला बोट भयंकर लागायची, त्यामुळे बरंचसं वाचन आडवं पडून.

कप्तान फिट्झरॉयनं त्याला लायेलच्या भूशास्त्रावरच्या पुस्तकाचा पहिला खंड दिला होता. पृथ्वीचं रूप प्रचंड उत्पातांनी एकदम बदलत नाही, आज दिसतात त्याच शक्तींनी हळूहळू बदलतं, असं लायेलचं म्हणणं. डार्विनच्या गुरूनं, हेन्सलोनं, पुस्तक जरूर वाच पण त्यातली मतं अजिबात स्वीकारू नकोस असा सल्ला दिला होता. (असे गुरू आपल्यालाही भेटलेले असतात.)

डार्विननं सल्ला अर्धाच पाळला. कारण पहिल्याच मुक्कामाला, केप व्हर्देच्या बेटावर, त्याला समुद्रापासून बऱ्याच उंचीवर कड्यात शिंपल्यांचा पांढरा पट्टा दिसला. म्हणजे ही जमीन कधी काळी पाण्याखाली होती. हातातलं पुस्तक आणि समोरचा कडा एकमेकांशी बोलायला लागले. लायेलचा दुसरा खंड त्याला वर्षअखेरीस माँतेव्हिदेओच्या बंदरात मिळाला. फेब्रुवारी 1835मध्ये चिलीत मोठा भूकंप झाला आणि किनारा काही फूट वर उचलला गेलेला त्यानं पाहिला.

सीझनचा पुढचा एपिसोड लगेच सुरू होण्याची सवय असलेल्या आपल्याला हे विचित्र वाटेल. पहिला भाग बोटीत, दुसरा महिन्यांनंतर बंदरात, पुरावा तीन वर्षांनी चिलीत. पण मधल्या त्या रिकाम्या जागेतच डार्विन वाचक म्हणून तयार होतो. पुस्तकातलं वाक्य खरं की खोटं हे तपासायला त्याला बोटीतून उतरावं लागत होतं. मेकॉलेचं वाचन किनारा आला तेव्हा संपलं. डार्विनचं तिथं सुरू व्हायचं.

एकच पुस्तक

म्हणजे कमी पुस्तकं न्यावीत का? ‘एका पुस्तकातही जग सापडतं’ वगैरे सुविचार व्हॉट्सॲपवर छान दिसतात. त्यावर उतारा म्हणून श्टेफान त्स्वाइगची बुद्धिबळाची दीर्घकथा वाचावी. हिटलरमुळे देशोधडीला लागलेल्या त्स्वाइगनं ती ब्राझीलमध्ये लिहिली. 1942मध्ये त्यानं आत्महत्या केली आणि त्यानंतर ती प्रसिद्ध झाली.

कथा न्यू यॉर्कहून ब्वेनोस आयरेसला जाणाऱ्या बोटीवर घडते. प्रवाशांत बुद्धिबळाचा जगज्जेता आहे आणि डॉ. बी. नावाचा एक अबोल माणूस. व्हिएन्नात गेस्टापोनं डॉ. बी.ला हॉटेलच्या एका खोलीत एकटं डांबून ठेवलं होतं. मारहाण नाही. फक्त काहीही नाही : पुस्तक नाही, कागद नाही, घड्याळ नाही, बोलायला माणूस नाही. चौकशीला नेलं असताना बाहेर टांगलेल्या कोटाच्या खिशात त्याला एक पुस्तक जाणवतं आणि जिवावर उदार होऊन तो ते चोरतो. ते चोरण्याचं वर्णन मी बसमध्ये वाचत होते आणि माझा स्टॉप गेला.

पुस्तक निघतं बुद्धिबळाचं. नामांकित खेळाडूंचे दीडशे डाव, नुसते आकडे आणि अक्षरं. तो हिरमुसतो. मग चौकटीच्या पलंगपोसाचा पट करतो, पावाच्या तुकड्यांची प्यादी. पुढं पटाचीही गरज राहत नाही. हे पुस्तक त्याला वाचवतं. पण दीडशे डाव पाठ झाले की ते संपतं. मग तो मनातच स्वतःविरुद्ध खेळू लागतो, पांढरा तोच आणि काळाही तोच, आणि वेडाच्या काठाला जातो.

त्स्वाइगची ही जागा मला फार प्रामाणिक वाटते. वाचन माणसाला तारतं, असं म्हणून तो गोष्ट संपवू शकला असता. तो पुढं जातो आणि दाखवतो, की ज्या वाचनात दुसरं माणूस शिरतच नाही ते शेवटी स्वतःलाच खाऊ लागतं. कमी असो की जास्त, धोका आकड्यात नाही. मेकॉलेकडे शेकडो खंड होते, डॉ. बी.कडे एक. दोघंही खोलीबाहेर आले नाहीत. फरक मोठा आहे आणि तो विसरून चालणार नाही : मेकॉलेच्या खोलीला आतून कडी होती, डॉ. बी.च्या खोलीला बाहेरून.

तळाला गेलेली पुस्तकं

बाहेरून लावलेल्या कडीचा विषय निघाला की मला आपल्याकडची एक बोट आठवते. 1917मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचं शिक्षण अर्धं सोडून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते एका बोटीनं आले, त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं निघाली. ती दुसरी बोट टॉर्पेडोनं बुडवली. अर्धपोटी राहून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तासन् तास घालवून जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली.

करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, नाव बदलून, ते राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी त्या जागेचं वर्णन केलं आहे. अंधारं दालन, कंदिलाचा मिणमिणता उजेड, वटवाघळं, आणि वर दुसरं कुणीही नाही. माणसांची सोबत नाही म्हणून त्यांनी पुस्तकांची सोबत धरली, वाचत राहिले, वाचताना एकटेपण विसरत राहिले. तेवढ्यात वटवाघळं फडफडायची आणि आपण कुठं आहोत ते पुन्हा आठवायचं. काही दिवसांनी काठ्या घेतलेली माणसं आली आणि तिथूनही त्यांना बाहेर काढलं.

हा प्रसंग मेकॉलेच्या पत्राशेजारी ठेवून वाचा. दोघंही माणसांशिवाय वाचताहेत. एकाला बोटभर माणसं उपलब्ध होती, त्याला ती नको होती. दुसऱ्याला आख्ख्या शहरात एक दार उघडं मिळालं नाही. एकाच्या वाचनातून निघालं ते फळीचं वाक्य. दुसरा पुढं परत लंडनला गेला, शिक्षण पुरं केलं, दादरला ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांसाठी, आणि जे वाचलं ते दारं उघडायला वापरलं. पुस्तकं बुडाली तरी वाचन बुडालं नाही. मराठीत एक छान क्रियापद आहे : पुरून उरणं. नुसतं पुरणं म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत टिकणं. पुरून उरणं म्हणजे त्यानंतरही हातात काही असणं. माझ्या आतेभावाला मला हे हवं होतं.

शेवटी एक मराठी बोट

तीस नावांची यादी मी पुसली आणि त्याला सगळ्यात आधी पाठवलं विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. 1939ची कादंबरी, अगदी लहान. सुट्टीच्या एका दिवसात संपेल. पाठवताना शंका आली. आठ महिन्यांसाठी एका दिवसाचं पुस्तक?

पण मराठीत बोटीवरची याहून चांगली कादंबरी मला माहीत नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट. युद्ध अजून पेटलेलं नाही, पण धूर दिसतोय. बोटीवर जर्मन आहेत, जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत, हिंदी प्रवासी आहेत. प्रेमात पोळलेला, बायकांवर विश्वास उरलेला नाही असा चक्रधर, आणि देश, घर, प्रियकर सगळं गमावलेली हॅर्टा. दोघांना मिळतात ते मोजके दिवस. मुंबईला चक्रधर उतरणार, हॅर्टाला पुढं जायचंय.

बोटीवरच्या गोष्टीला एक सोय असते : शेवट आधीच ठरलेला असतो, बंदर. बेडेकरांनी ही सोय फासासारखी वापरली आहे. प्रत्येक प्रसंग वाचताना बंदर किती जवळ आलं हे आपल्या डोक्यात असतं. त्यात ते पाल्हाळ लावत नाहीत. वाक्यं तुटक, संवाद भराभर, आणि चक्रधरचा कडवटपणा असा की हा माणूस आपल्याला आवडावा अशी लेखकाची इच्छाच दिसत नाही. मला या कादंबरीची एकच गोष्ट खटकते. हॅर्टाचं समर्पण इतकं संपूर्ण आहे, की कधी कधी ती चक्रधरला शहाणं करण्यासाठीच निर्माण झाल्यासारखी वाटते. पण मग बोटीवरचे बाकीचे ज्यू दिसतात, त्यांचा अपमान होताना गप्प बसणारे दिसतात, आणि कळतं की रणांगण दोघांच्या प्रेमाचं नाही. शेजारच्या डेकखुर्चीतल्या माणसाचं काय होणार हे माहीत असताना आपण बुफेच्या रांगेत उभे राहतो, त्याचं आहे. शेवट इथं सांगत नाही.

त्याबरोबर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पाठवलं. ते जाड आहे, माणसांनी भरलेलं आहे, आणि दमलेल्या माणसाला कुठल्याही पानावर हसवू शकतं. तिसरी जागा रिकामी ठेवली. ‘बोट ज्या देशांत लागेल तिथल्या कुणाला तरी विचारून एक नाव घे,’ असं लिहिलं. त्यावर त्यानं फक्त अंगठा पाठवला. मला वाटलं, पोरगा नाराज झाला. मागितली होती चाळीस जीबी, दिली दीड पुस्तक.

मध्ये तीन महिने काही कळलं नाही. प्रवासी डेकवर पुस्तक उघडं टाकून उन्हात झोपतात, तो खाली दहा-दहा तास उभं राहून त्यांच्यासाठी भाज्या चिरतो. वाचायला वेळ कुणाला आहे आणि पुस्तकाची गरज कुणाला, हे गणित कुठल्याच बोटीवर जुळत नाही. मग एका रात्री, बोट कुठल्याशा बंदरात लागून फुकट नेट मिळालं असताना, त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागं भांड्यांचा आवाज.

‘ताई, ते रणांगण दोनदा झालं. माझ्या केबिनमध्ये फिलिपिनो पोरगा आहे, तो रोज विचारायचा काय वाचतोस. म्हणून त्याला इंग्रजीत सांगायला घेतली स्टोरी. ड्यूटीनंतर थोडी थोडी, चार रात्री लागल्या. तो म्हणतो, तिला मुंबईत ठेवून घेता आलं नसतं का? मला उत्तर नाही आलं. आता तो त्याच्याकडचं एक पुस्तक मला सांगतोय. अजून संपलं नाही.’